गुलाबभाऊंचा गुडघा

रामाकोन्याहून सौंसरच्या शाळेत आम्ही मास्तर लोक कन्हानकाठच्या पायवाटेनं सायकलनं जायचो. पावसाळ्यात वाटेवर पाणी किती चढलं, हे पाहायचं काम गुलाब सोमकुंवरांकडे होतं. सहा फुटांचे गुलाबभाऊ पाण्यात उतरून सांगत, "गुडघाभर हाय, या बिनधास्त." त्यांच्या त्या गुडघ्यापायी मी बुटका माणूस रोज मांड्यांपर्यंत भिजून इंग्रजी शिकवत असे.

चौऱ्याऐंशीच्या श्रावणात त्यांना ताप आला. त्यांच्या जागी बायको चंद्रकलाबाई उतरल्या, उंची साडेचार फूट. "माह्या कंबरेले लागून राहिलं जी, मास्तर. वापस जा."

आम्ही पोरांसारखे घंट्या वाजवत परतलो आणि भजी तळली.

तिसऱ्या दिवशी भाऊंचा ताप उतरला. आम्ही सगळे मास्तर त्यांच्या घरी गेलो आणि महिनाभर तरी झोपून राहा म्हणून हात जोडले.