सहा दिवसांची सृष्टी आणि लक्ष्मीप्रिया

लक्ष्मीप्रिया तंजावूरच्या एका प्रोटेस्टंट मिशन शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिची नोकरी कायम करणं शाळेचे नवे कारभारी पास्टर दयानंदन यांच्या हातात होतं, आणि तिची आई वासुकी त्याच काळजीने पोखरली होती.

आधीचे पास्टर वेगळे. देवाने दोन ग्रंथ दिले, एक बायबल आणि दुसरा निसर्ग, असं म्हणत ते मुलांना कावेरीकाठी शेवाळं गोळा करायला धाडत. दयानंदनना या दुसऱ्या ग्रंथाचं वावडं. गुडघ्याचा एमआरआय काढतील, रोज सकाळी बोट टोचून साखर बघतील, तिरुवैयारूला जाताना फोन सांगेल त्या गल्लीत वळतील. पृथ्वीचं वय मात्र सहा हजार वर्षं! विज्ञान हवं ते स्वतःच्या गुडघ्यापुरतं. त्यांचा हुकूम आला: उत्क्रांतीच्या धड्याआधी वर्गाला सांगायचं, हा नुसता तर्क आहे, खरी सृष्टी सहा दिवसांत झाली.

"सांगून टाक गे," वासुकी म्हणाली. "एका वाक्याने जीभ झडते का?"

"झडत नाही, अम्मा. पण पोरं ते खरं मानतील."

रविवारी प्रार्थना आटोपून दयानंदन स्वतःच घरी आले. त्या रात्री चंद्रग्रहण होतं. वासुकीने इडलीच्या पिठावर, दह्यावर, लोणच्याच्या बरणीवर ग्रहण बाधू नये म्हणून दर्भ ठेवले होते. कॉफी पिता पिता दयानंदन यांची नजर तिकडे गेली आणि चेहरा फुलला.

"बघा टीचर, अम्मांना कळतं! श्रद्धा आधी, विज्ञान मागून. आम्ही दोघं एकाच बाजूचे."

वासुकीच्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाने तिला साक्षीला उभं केलं, तेही पोटच्या पोरीविरुद्ध! विनवणीची पाठ केलेली वाक्यं तिने गिळली.

"पास्टर अय्या, दर्भ माझ्या दह्यावर आहे. तो मुलांच्या पुस्तकावर ठेवायला मी शाळेत आले नाही."

लक्ष्मीप्रियाला हसू आवरेना. "आणि पास्टर, देव आणि माणसाच्या मध्ये पुरोहित नको, ज्याने त्याने बायबल स्वतः वाचावं, हे तुमच्याच पंथाने सांगितलं ना? मी दगडातली हाडं वाचते. तुम्हीच पुरोहित व्हायला निघालात."

"तुमच्या नोकरीसाठी प्रार्थना करतो," म्हणत ते उठले.

प्रार्थना भलतीच फळली. जूनमध्ये तिच्या जागी दुसरी बाई आली. लक्ष्मीप्रिया आता ओरत्तनाडूच्या सरकारी शाळेत कंत्राटावर आहे. वासुकीची काळजी जशीच्या तशी.

परवा तिने जेवताना विचारलं, "तो धडा घेतलास? कुणी काही म्हणालं?"

"एक मुलगी म्हणाली, माशाला पाय फुटले कसे?"

"मग? कसे फुटले?" वासुकीने विचारलं, आणि घास हातात धरून ऐकत राहिली.