तांबूस दूधराज

आमच्या ह्यांना आयुष्यात एकच पक्षी बघायचा होता, पांढरा दूधराज. बँकेतल्या कॅलेंडरवर त्यांनी त्याचा फोटो बघितला होता. काळंभोर तुरेदार डोकं, पांढरंशुभ्र अंग आणि हातभर लांब शेपटीच्या दोन फिती. रिटायर झाल्यावर दर वैशाखात आम्ही माधव नगरहून ऑटोनं भैरवगढच्या पुढच्या एका आमराईत जायचो. तिथं नाल्याकाठी दाट सावली आहे, आणि दूधराजाला तशीच जागा लागते.

पक्षी यायचा, पण तांबूस. शेपटी मात्र तशीच लांब. फांदीवरून झेप घेऊन हवेतल्या हवेत किडा पकडायचा, मग नाल्याच्या पाण्याला पोट टेकवून पुन्हा वर. मला तर बाई तो फार आवडायचा. हे मात्र हिरमुसायचे. "ही मादी. नर पांढरा असतो."

"बाईमाणूस दिसलं की तुमचं तोंड उतरतं, हे नवीनच!" मी चिडवायची.

आमराईचा माळी तिथंच खाटेवर बसलेला असायचा. त्याला विचारावं, हे आम्हा शहाण्यांना कधी सुचलं नाही. पक्ष्याची चर्चा आपसात, मराठीत. माळ्याशी हिंदीत बोलणं कैऱ्यांपुरतं.

शेवटच्या उन्हाळ्यात हे म्हणाले, "चल, एक चक्कर मारून येऊ."

मी खेकसले, "ऊन बघा केवढं आहे! त्या तांबड्या बाईला किती वेळा बघायचं? पुढच्या वर्षी जाऊ."

दिवाळीच्या आधी हे गेले. दवाखान्यात मला म्हणाले होते, "तो बघायचा राहिलाच गं."

यंदा एकटीच गेले. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून माळ्याशीच बोलले. समोर तांबूस पक्षी बसला होता. म्हटलं, "भैया, इस बार भी मादा ही आई."

तो हसला. "माताजी, मादा की इतनी लंबी पूँछ कहाँ होती है? ये नर ही है. अभी जवान है, दो-तीन साल में सफ़ेद हो जाएगा."

आधी नाही का सांगायचं रे मेल्या, असं ओरडावंसं वाटलं. पण त्याचा काय दोष? आम्ही विचारलंच कधी होतं? त्या वेळी मला हे इतके हवे होते की काय सांगू. एक मिनिट पुरलं असतं.

माळी पाणी आणायला उठून गेला, तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "अहो, दिसला होता हो तुम्हाला. दरवर्षी दिसला होता."