छत गळत नव्हतं

हे सांगणं मी कितीतरी वर्षं टाळलं. मुलीच्या प्रदर्शनाचा विषय निघाला की म्हणायचो, "मला मॉडर्न आर्ट कळत नाही बुवा." लोक हसायचे. माझी सुटका व्हायची.

तरुणपणी मी इंदूरला सरकारी कचेरीत नवा क्लार्क होतो. आजोबा महूला फौजेत, वडील रेल्वेत. आम्ही बौद्ध. साहेबांनी पूजेच्या प्रसादाला सगळ्या स्टाफला राजवाड्यामागच्या घरी बोलावलं. मीही गेलो. अंगणात खुर्चीवर बसून शिरा खाल्ला, निघालो. कोपऱ्यावर आठवलं, पिशवी राहिली. परत गेलो तर साहेब स्वतः बादलीनं खुर्ची धूत होते. एकच खुर्ची. माझी.

मला बघून म्हणाले, "गर्मी किती आहे ना! खुर्च्या तापतात."

"हो साहेब," मी म्हणालो. पिशवी उचलली.

हे मी आयुष्यात एकदाच सांगितलं. मुलीला. साहेबांचं नाव न घेता.

ती आर्ट कॉलेजात शिकली. पहिलं प्रदर्शन इंदूरलाच. आदल्या दिवशी मला हॉलमध्ये घेऊन गेली. मधोमध एक लाकडी खुर्ची. वरून बारीक नळीतून तिच्यावर पाणी. थेंब थेंब, सतत. खाली परात. बस्स.

"याचा अर्थ काय गं?"

"अर्थ नंतर, बाबा. आधी उभे तर राहा. जल्दी काय आहे?"

उभा राहिलो. पाच मिनिटं. दहा. थेंब लाकडावर पडत होता आणि भिजत होती माझी पाठ. तीस वर्षं मी जगापासून जे लपवलं, ते तिनं दिव्याखाली ठेवलं होतं. मला कळलं. पूर्ण कळलं.

"रडताय का?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय."

ती हसली. तिला उत्तर मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मीच बोलावलं होतं. माझी मुलगी काय झालीय ते त्यांनी बघावं, एवढीच हौस. काठी टेकत खुर्चीपाशी थांबले, मला इंदुरी थाटात म्हणाले,

"काय रे भिया, छत टपकतंय का इथलं?"

चार माणसं हसली. मुलगी शेजारीच उभी होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "हो साहेब. गळत असेल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे, बराच वेळ. हे तेच, हे तिला तिथंच समजलं. तिनं नळी बंद केली.

आता ती बडोद्याला असते. त्यानंतरचं एकही काम तिनं मला दाखवलं नाही. मी मागितलंही नाही.

गेल्या महिन्यात साहेबांना पत्र टाकलं. "छत गळत नव्हतं. मी उठल्यावर तुम्ही धुतलीत, तीच ती खुर्ची होती. मला तेव्हाही कळलं होतं." उत्तर आलं नाही. नकोच आहे. यापुढे कुठल्याही साहेबाला माझ्याकडून 'हो' मिळणार नाही. जो विचारेल त्याला त्या खुर्चीचं सगळं सांगेन, भर बाजारात सांगेन.

पण मुलगी? दर रविवारी तिचा फोन येतो. "बोला ना, बाबा." मी सांगतो, बीपीची गोळी घेतली. सराफ्यात फार गर्दी असते हल्ली. ती म्हणते, "बरं. ठेवते."

"बेटा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी घाबरलो. मला माफ कर."

फोन कट झाल्यावर हे मी मोठ्यानं म्हणतो.