ओवीला झू दाखवताना

आमच्या घरची सहल एका दिवसात उरकते, तिचे किस्से मात्र दिवाळीपर्यंत पुरतात.

यंदा मे महिन्यात नांदेडहून हैदराबादचा झू बघायला गेलो. नवरा, मी, आमची ओवी, आणि लोह्याजवळच्या गावाहून आलेले सासू-सासरे, म्हणजे माझे आत्या-मामा. ओवी अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. कान तपासून झाले होते, ठीक होते. डॉक्टर म्हणाले, "नवं काही दाखवा, तिच्याशी सतत बोला." तो सल्ला मी जरा जास्तच मनावर घेतला.

*

मामांकडे लाल कंधारी बैल आहेत. त्यामुळे गव्यासमोरून ते हलेचनात. रखवालदाराला त्याच्याच दखनीत विचारलं, "इसका काम क्या?"

"कुछ नै बाबा. खाली खाता, सोता."

मामा शांतपणे माझ्या नवऱ्याकडे वळले. "आपल्याकडंबी हाय की एक."

*

आत्या कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जात नाहीत. हत्तीसाठी त्यांनी गावाहून शेंगा आणि गूळ आणला होता. मी पाटी वाचून दाखवली: प्राण्यांना खायला घालू नये. आत्या हिरमुसल्या. मग पुडकं थेट माहुताच्या हातात दिलं. "त्याला चालत न्हाई तर तुमी खावा. तुमी त्याच्या घरचेच."

माहुताला मराठी कळलं नाही, गूळ कळला.

*

मी प्रत्येक पाटी ओवीला मोठ्यांदा वाचून दाखवत होते. वजन, आहार, आयुष्य, सगळं. ओवी गप्पच. अस्वलापाशी मागे वळून बघते तर सात-आठ अनोळखी मराठी माणसं शिस्तीत माझ्यामागे उभी. त्यातले एक काका म्हणाले, "मॅडम, जेवायची सुट्टी कधी देता?"

*

दुपारी बागेत चिंचेखाली धपाटे खात बसलो होतो. एक मोर अगदी समोर आला आणि त्याने पिसारा फुलवला. सगळे थबकले. मी सोडून.

"ओवी, हा कोण? मोर. मोराला काय असतं? पिसारा. पिसाऱ्याचा रंग कोणता..."

मोरावरची नजर न हलवता ओवीने तिचा तेलकट हात माझ्या तोंडावर ठेवला.

"आई, गप."

मामांचा घास हातातच राहिला. नवरा उठून उभा राहिला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तरी तोंड चालूच. "काय म्हणालीस बाळा? परत म्हण ना. आई म्हण, आई..."

आत्या म्हणाल्या, "एकदा सांगितलंय ना लेकरानं. ऐक की."