बाजूची खुर्ची

टेनिस म्हणजे एकटीचा खेळ, असंच मी धरून चालले होते. पण देशादेशांच्या या महिला सांघिक स्पर्धेत कोर्टावर खेळाडूच्या बाजूला कॅप्टनचीही खुर्ची असते. प्ले-ऑफमधला पहिला सामना आपण हरलो होतो. हाही गेला की सगळं संपणार. या दुसऱ्या सामन्यातही आपल्या संघाची मुलगी पिछाडीवर होती. बाजू बदलताना ती धापा टाकत खुर्चीत येऊन बसली. कॅप्टनबाईंनी शांतपणे केळं सोललं, अर्धं तिला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं.

"अगं बाई, काहीतरी सांग की तिला!" प्रेक्षकांत माझ्या शेजारी बसलेली मावशी करवादली.

मला हसू आलं. बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी हीच मावशी दवाखान्याच्या बाकावर माझ्याजवळ दिवसभर बसली होती. तेव्हा तिने तरी काय सांगितलं होतं? मोसंबी सोलून एकेक फोड माझ्या हातावर ठेवत होती, इतकंच. त्यावर मी तो दिवस काढला.

खाली ती मुलगी तोंड पुसून उठली. आणखी काही गेम झाले आणि आता एक गुण गेला तरी आपण हरणार होतो. स्टेडियम चिडीचूप झालं. आमच्या दोघींच्या मधली पर्स मावशीने उचलून मांडीवर घेतली आणि जराशी माझ्याकडे सरकून बसली.