मशीनमनचा डावा कान

छापखान्यातला मशीनमन छपाईचं यंत्र डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त चालवायचा. एका टोकाला कोऱ्या कागदांची थप्पी, दुसऱ्या टोकाला छापून झालेल्यांची, आणि मध्ये दिवसभर एकच चाल: खटक-फुस्स, खटक-फुस्स. हवेच्या फुंकरीने वरचा कागद सुटा व्हायचा, चिमटा तो पकडायचा. चुकून दोन कागद एकदम ओढले गेले, की ‘खटक’ जरासा जड यायचा आणि त्याच क्षणी मशीनमनचा हात बटणावर गेलेला असायचा. औषधांच्या खोक्यांची लेबलं असोत की शाळेच्या वह्यांची मुखपृष्ठं, त्याच्या हातून कागद वाया जात नसे. शेजारच्या टेबलावर पुस्तकं शिवणारा बाइंडर म्हणायचा, “याला भिंतीकडे तोंड करून बसवा, तरी छापेल.”

या माणसाला पन्नाशी उलटल्यावर गाण्याचं वेड लागलं. मुलगी नोकरीसाठी दूर गेली आणि तिचा कीबोर्ड मागे राहिला. बरेच महिने त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जात होते. एका रविवारी कपडे उचलताना मशीनमनचं कोपर पट्ट्यांवर पडलं, दोन सूर वाजले, आणि त्या दोन सुरांपुढचा तिसरा त्याला आपोआप ऐकू आला. त्या दिवशी जेवण निवून गेलं. पुढच्या वर्षभरात त्याने अकरा गाणी रचली. ती तो कपड्यांच्या कपाटात डोकं घालून फोनवर रेकॉर्ड करायचा, कारण लोंबत्या कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही, असं मुलीने सांगितलं होतं. बायको जाता-येता म्हणायची, “माझ्याशी दिवसाकाठी चार वाक्यं आणि माझ्या कोटाशी तासभर. चालू द्या.”

मुलीनेच त्याला एका ऑनलाइन गटात घातलं. गटाचं नाव ‘कच्ची गाणी’. तिथे कुणी नावाजलेलं नव्हतं. टॅक्सी चालवणारा होता, दातांची डॉक्टर होती, पोस्टात खिडकीवर बसणारी एक ताई होती, आणि अशी साठ-सत्तर माणसं, सगळी आपापल्या घरात गाणं जुळवणारी. गटाचा नियम एकच होता आणि तो कडक होता. आपलं गाणं ऐकवायचं, तर आधी दुसऱ्यांची तीन ऐकायची आणि प्रत्येकाबद्दल मिनिट-सेकंद देऊन लिहायचं: कुठे आवडलं, कुठे खटकलं. नुसतं ‘छान’ किंवा खोटं गोड लिहिलेलं चालत नसे. आणि आपलं लिहून होईपर्यंत दुसऱ्यांचं मत वाचायचं नाही. मशीनमन तर नंतरही वाचत नसे. म्हणायचा, दुसऱ्याचा चष्मा लावला की आपले डोळे दुखतात.

गाणी तो सकाळी घरून फोनमध्ये उतरवून न्यायचा आणि यंत्र चालू असताना ऐकायचा. दुपारी छतातल्या काचेतून उजेडाचा एक तिरका पट्टा खाली यायचा, त्यात कागदाची बारीक धूळ तरंगायची, आणि कानात कुठलं तरी न पाहिलेलं घर उघडायचं. गाण्यापेक्षा गाण्यामागचं त्याला आधी ऐकू येई. कुणाच्या मागे नळ ठिबकत असे, कुणाच्या घरी घड्याळ पुढे पळत असे, कुणी गाता गाता खुर्ची सरकवत असे. त्या आवाजांवरून तो खोल्या बांधायचा. टॅक्सीवाल्याची खोली अरुंद आणि उंच, डॉक्टरांच्या खिडकीला जाड पडदा. पोस्टातल्या ताईंच्या खोलीत दोन पलंग असावेत आणि त्यातला एक भिंतीला लावलेला असावा, असं त्याला का कोण जाणे वाटायचं. कागद पुढे सरकत राहायचे आणि तो एका खोलीतून दुसरीत, चपला न वाजवता, फिरून यायचा.

संध्याकाळी घरी गेल्यावर तो अभिप्राय लिहायचा, अगदी सावकाश, शब्द तोलून. ‘एक मिनिट बारा सेकंदाला तुम्ही ओळ अर्धी सोडता आणि ती ऐकणाऱ्याच्या मनात पुरी होते.’ ‘दोन मिनिटं पाचला वाद्याशिवाय गायची हिंमत केलीत, ती आवडली.’ लोकांना वाटे, हा माणूस गाण्यातली शांतता ऐकतो. गटात त्याचं नाव पडलं ‘कानसेन’. नवीन माणूस आला की जुने सांगत, आधी कानसेनकाकांना ऐकवा. मशीनमनने बायकोला हे नाव दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, “ऐकलं हो पहिल्यांदाच.”

वसंताच्या सुमाराला पोस्टातल्या ताईंनी एक गाणं टाकलं. सोबत एवढंच लिहिलं होतं: ‘घरीच गायलंय. काही जास्तीचं वाटलं तर मोकळेपणाने सांगा.’ मशीनमनने ते यंत्रापाशी चार वेळा ऐकलं. खालच्या पट्टीतला बाईचा आवाज, वाद्य नाही, नदीकाठी कुणाची तरी वाट बघण्याचं साधं गाणं. मध्येच ती थांबते. वीस-बावीस सेकंद पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते. मग ती पुन्हा गाऊ लागते, आधीपेक्षा हळू. त्याने लिहिलं: ‘एक मिनिट वीसला तुम्ही गप्प होता. त्या रिकाम्या जागेत गाण्याचा जीव आहे. तिथे कुणाचाही आवाज नको.’

आठवड्याने त्यांनी गाणं बदलून पुन्हा टाकलं आणि विचारलं, ‘आता बरं वाटतं का?’ त्याने पुन्हा मन लावून ऐकलं आणि प्रामाणिकपणे लिहिलं: ‘मला काहीच फरक जाणवला नाही. बदललंत ते मुळात नसल्यासारखंच होतं.’ ताईंनी उत्तर दिलं, ‘बरोबर आहे.’ त्यानंतर त्या गटात दिसेनाशा झाल्या. मशीनमनला वाटलं, पोस्टात काम वाढलं असेल.

दोन महिन्यांनी, रविवारी सकाळी, तो जेवणाच्या टेबलाशी बसून फोनमधली जुनी गाणी चाळत होता. ताईंचं पहिलं गाणं लागलं. समोर बायको मटार सोलत होती. इअरफोनची एक गोळी त्याच्या डाव्या कानात होती आणि दुसरी नेहमीसारखी छातीवर लोंबत होती. ती तशीच असायची. उजवा कान यंत्राचा. कागद कधी अडकेल याचा नेम नसतो, म्हणून तो मोकळा ठेवायची वर्षानुवर्षांची सवय, आणि घरी यंत्र नव्हतं तरी सवय होतीच.

“एवढं काय असतं त्यात, बघू तरी,” असं म्हणत बायकोने हात पुसले, लोंबती गोळी उचलली आणि आपल्या कानात घातली. दोघांच्या मध्ये वायर ताणली गेली, म्हणून तिने खुर्ची जवळ ओढली. दोघं ऐकत बसली. खिडकीतून ऊन येऊन मटारांच्या सालींवर पडलं होतं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “आजोबा किती गोड गातात.”

“कुठले आजोबा?”

“हे काय, आत्ता गातायत ते. थकलेत बिचारे, पण सूर सोडत नाहीत.”

“अगं, बाई गातेय.”

“बाई कुठाय यात? मघाशी लांबून काहीतरी येत होतं तेवढंच. आता तर एकटे आजोबाच आहेत.”

मशीनमनने फोनकडे पाहिलं. एक मिनिट सत्तावीस. त्याच्या कानात पंख्याची घरघर होती. त्याने बायकोच्या कानातली गोळी काढून घेतली आणि उजव्या कानात घातली.

आणि गाण्यात एक माणूस आला. उजव्या बाजूने, जणू इतके दिवस दाराबाहेर उभा होता आणि आत्ता कुणी ‘या’ म्हणालं. आवाज थरथरत होता, शब्द अर्धे विरत होते, पण चाल ठाम होती. बाई गप्प होते तिथे तो एकटा पुढे जातो, ओळ पार करतो, आणि पलीकडे गेल्यावर ती त्याला हळूच येऊन मिळते. ती हळू गाते, कारण ती त्याच्या पावलाने चालते. मशीनमनने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग दुसरं, बदललेलं लावलं. त्यात उजव्या कानाला काहीच नव्हतं. दार लावून घेतल्यासारखं.

गटात दोन महिन्यांपूर्वी काय लिहिलं गेलं होतं, ते त्याने पहिल्यांदाच वाचलं. टॅक्सीवाल्याने लिहिलं होतं, ‘हे तुमचे बाबा का? काढू नका त्यांना.’ ताईंनी खाली उत्तर दिलं होतं: ‘हो, बाबाच. आता त्यांना माझं नाव आठवत नाही, हे गाणं मात्र आठवतं. म्हणून रोज संध्याकाळी दोघं गायचो. या वेळी एक माइक माझ्यापाशी ठेवला होता, एक त्यांच्यापाशी. पण कानसेनकाका म्हणतात ते खरं असणार. प्रेमापोटी मला कळलं नसेल.’

“आठ महिने झाले मला या गटात येऊन,” तो बायकोला म्हणाला. “साठ-पासष्ट गाणी ऐकली असतील. सगळी अर्धी.”

“माझंही तसंच ऐकता,” ती म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिने मटारांचं भांडं बाजूला सारलं. “आता काय करणार?”

“त्यांना एकट्यांनाच कळवतो. माफी मागतो.”

“आणि बाकीच्यांना?”

त्याने फोन टेबलावर उपडा ठेवला. त्या गटात त्याला जे मिळालं होतं, ते छापखान्यात कधी मिळालं नव्हतं. तिथे चूक झाली नाही तर कुणी बघत नाही, आणि झाली तरच नाव घेतात. कानसेन हे नाव त्याने मागितलेलं नव्हतं, पण ते उतरवून ठेवताना हात जड झाला. बायको म्हणाली, “त्यांच्या वडिलांना तुम्ही सगळ्यांसमोर नको म्हणालात. आता कानात काय सांगता?”

त्याने दुपारभर बसून लिहिलं. तीनदा खोडलं. एकदा बायकोने वाचून म्हटलं, “हे फार घुमवून लिहिलंय. सरळ लिहा.” शेवटी जे राहिलं ते असं होतं: ‘मी छापखान्यात यंत्रावर काम करतो. एक कान यंत्राकडे लागतो, म्हणून मी नेहमी एकाच, डाव्या कानात गाणी ऐकली. उजव्या बाजूचं मला कधी ऐकूच आलं नाही. ज्याला मी शांतता म्हणालो, तिथे तुम्ही सगळे काहीतरी गात-वाजवत होतात. पोस्टातल्या ताई, तुमच्या वडिलांचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला. गाणं त्यांचं आहे, तुम्ही साथीला आहात. कृपा करून त्यांना परत आणा. बाकी सर्वांची गाणी मी पहिल्यापासून पुन्हा ऐकतो आणि पुन्हा लिहितो. मला आता कानसेन म्हणू नका.’

तासाभराने टॅक्सीवाल्याचं आलं: ‘काका, वाद्याशिवाय गायची हिंमत केलीत, असं तुम्ही मला लिहिलं होतं. मला वाटलं टोमणा आहे. दोन महिने शिकवणी लावून गिटार नव्याने शिकलो. तेव्हा तुमचे उपकारच म्हणायचे.’ त्यावर बरेच जण हसले. पण दातांच्या डॉक्टरांनी हसणं टाळलं. ‘मी तुमच्या सांगण्यावरून बासरी काढली होती. वाजवणारी माझी बहीण होती. ती अजून विचारते.’ मशीनमनने लिहिलं, ‘तुमचं गाणं उद्या पहिलं ऐकतो. बहिणीला माझं नाव सांगा आणि चूक माझी होती हेही सांगा.’ पोस्टातल्या ताई मात्र काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी वाचलं होतं, एवढं दिसत होतं.

सोमवारपासून तो यंत्राच्या वेळेत गाणी ऐकेनासा झाला. जेवणाच्या सुट्टीत कागदांच्या गठ्ठ्यावर बसून, दोन्ही कान भरून, एक-एक ऐकायचा. बाइंडरने विचारलं, “यंत्रापाशी गाणी ऐकणं बंद का?” तो म्हणाला, “यंत्र आणि गाणी आळीपाळीने घेतोय.” जुन्या ओळखीच्या खोल्यांना नवीन भिंती फुटत होत्या. टॅक्सीवाल्याची अरुंद खोली पसरट निघाली. डॉक्टरांच्या पडद्याआड एक मुलगी बासरी घेऊन बसली होती. त्याला आनंद व्हायचा आणि लगेच लाजही वाटायची, कधी कधी एकाच ओळीत दोन्ही. आणि प्रत्येक सुट्टीच्या शेवटी तो गट उघडून बघायचा, ताईंचं काही आलं का.

दहाव्या दिवशी आलं. ‘तुमचं वाचलं त्या दिवशी फार राग आला,’ ताईंनी लिहिलं होतं. ‘तुमचा कमी, माझाच जास्त. तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. मला येत होतं, आणि तरी मी त्यांना काढलं. संध्याकाळचं गाणंही बंद केलं होतं. परवा पुन्हा बसले त्यांच्याजवळ. नदीकाठचं गाणं आता त्यांना येत नाही, ते गेलं. पण दुसरं काहीतरी गुणगुणतात, शब्द नाहीत, चालही रोज बदलते. मी जमेल तशी मागून जाते. कालचं रेकॉर्ड केलं आहे. जुनंही, बाबांसकट, परत टाकलंय. काका, हे नवीन ऐकून सांगा. नियमाप्रमाणे, मिनिट-सेकंद देऊन.’

मशीनमनने ते घरी ऐकलं, टेबलाशी, सकाळच्या उजेडात. बायकोने स्वतःहून शेगडी बंद केली. त्याने एकदा ऐकलं, मग गोळ्या काढून तिच्या हातात दिल्या, तिने दोन्ही कानांनी ऐकलं. मग पुन्हा त्याने. म्हातारा उजवीकडून येत होता, कुठल्याही गाण्याचं नसलेलं गाणं घेऊन, वाटेत थांबत, मागे वळत. मुलगी डावीकडे होती.

“काय लिहिणार?” बायकोने विचारलं.

“खोटं गोड लिहायचं नाही, असा नियम आहे.”

“मग लिहू नका गोड.”

त्याने लिहिलं: ‘अकरा सेकंदाला ते श्वास घेतात, तो ठेवा. अठ्ठेचाळीसला ते पहिला सूर विसरून दुसरा धरतात, तो पहिल्यापेक्षा चांगला आहे. एक मिनिट चाळीसला ते थांबतात आणि तुम्ही त्यांना पुढची वाट दाखवायला जाता. तिथे घाई होते. त्यांना शोधू द्या. तुम्ही अजून थोड्या मागे राहिलात तरी चालेल.’

पुढच्या रविवारी गाणं पुन्हा आलं. एक मिनिट चाळीसला म्हातारा थांबला. बराच वेळ उजव्या कानात नुसता श्वास होता आणि डाव्या कानात दुसरा. मग त्याला कुठून तरी सूर सापडला, आणि तो पुढे निघाल्यावर, चार पावलं सोडून, त्याची मुलगी निघाली.