मायला लागलेली झोप

देवावर माझा विश्वास आहे का, असे त्या वर्षी कुणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. मी भंडाऱ्याला कॉलेजात होतो. आमच्या घरातून तिथवर पोचलेला पहिलाच. मायच्या हृदयाची झडप खराब झाली होती. आडवे झाले की तिला दम लागे, म्हणून कित्येक महिने ती भिंतीला टेकून, बसूनच रात्र काढत होती. आमचे गाव लाखनीपासून बरेच आत. पावसाळ्यात बैलगाडी लाखनीला पोचेपर्यंत बस निघून जाई आणि नागपूरच्या दवाखान्याची तारीख हुके. कालव्यात गेलेल्या बांधीचा, म्हणजे धानाच्या शेताचा, मोबदला हाती आला, तेव्हा बाबांनी ठरवले, मायसाठी मोटार घ्यायची.

नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. जुनी एक लाखनीत उभी होती. भातगिरणीच्या मालकांची, ते वारल्यामुळे विकायची होती.

"तू शिकून राहिला, तूच सांग," बाबा म्हणाले. "नवी का जुनी?"

मोटारीतले मला काय कळणार? नवीसाठी थांबलो आणि माय थांबली नाही तर? जुनी घेतली आणि ऐन रस्त्यात बंद पडली तर? अभ्यासात मन लागेना. गावाबाहेर मातामायच्या, आमच्या गावदेवीच्या, ठाण्यापुढे जाऊन उभा राहिलो. मागणेही सुचले नाही. "माझ्याच्यानं होत नाही, तूच पाह्य," एवढेच म्हणालो आणि परत आलो. काही घडले नाही.

आमच्याकडे बैलसुद्धा मायने पाठीवर हात ठेवल्याशिवाय घेत नसत. बाबांनी तोच नेम मोटारीला लावला. मी नको म्हणत असताना मायला बैलगाडीत गाद्या घालून लाखनीला नेले. बाबा वाकून चाकांकडे पाहू लागले, तसे बरोबर आलेले काका हसले, "दादा, दात पाहून राहिला का?" मायलाही हसू आले, आणि लगेच दम लागला. म्हणून तिला मागच्या सीटवर टेकवून बसवले.

थोड्या वेळाने मालकीणबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि गाडीशीच थबकल्या. माय झोपली होती. मान कलती, तोंड थोडे उघडे, श्वास संथ. मी घाबरून नाडी पाहिली. ती खरोखरच झोपली होती.

"राहू द्या, उठवू नका," बाई म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसत बाबांना म्हणाल्या, "भाऊ, लपवून विकणार नाही. आमचे मालक याच जागेवर गेले. नागपूरला नेत होतो."

बाबांचा चेहरा उतरला. मेलेल्या माणसाचे अंथरूणही आम्ही घरात ठेवत नाही. ते माझ्याकडे पाहू लागले. मी मायकडे पाहिले. चहा निवून गेला, ऊन ओट्यावरून खाली उतरले, आणि माय झोपलेलीच होती.

जागी झाल्यावर बाबांनी तिला सारे सांगितले. तिने सीटवरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवत असे तसाच. "इथं मले बरं वाटलं," ती म्हणाली. "त्या मालकाले आपलं काय वाकडं करायचं हाय?"

गाडी आम्ही घेतली. काका चालवत. दोन पावसाळे मायची एकही तारीख हुकली नाही. जाता-येता ती त्या सीटवर झोपे; घरी मात्र तशी झोप तिला कधीच लागली नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर धान कापणीला आले असताना ती गेली.

त्या दुपारी काय झाले, मला ठाऊक नाही. सीटचा उतार तिच्या छातीला मानवला असेल, असे डॉक्टर म्हणाले; तेही खरे असेल. मला मात्र मातामायपुढची ती संध्याकाळ आठवते. माय जगावी, एवढेही धड मागता आले नव्हते मला. तरीही कुणाच्या तरी दुःखाच्या जागेवर तिला विसावा मिळाला, आणि ज्यांनी तो दिला त्या बाईंनी काही लपवले नाही. आता देवापुढे उभा राहतो तेव्हा काय द्यावे ते सांगत नाही. हात जोडतो, आणि मिळाले होते ते आठवून परत येतो.